वाचवलेली पहाडी

माझ्या माहेरच्या गावामागे एक पहाडी आहे. आहे असं म्हणायचं, कारण सरकारी नकाशात ती अजून आहे आणि पायथ्याच्या बोर्डावरही आहे. बोर्ड इतका मोठा की त्याच्यामागे काय उरलंय ते रस्त्यावरून दिसत नाही, आणि तो तेवढ्यासाठीच उभा केला असावा असा मला संशय आहे. हात जोडून हसणाऱ्या पुरुषांचे फोटो, वर झेंडूच्या माळा, आणि खाली हिंदीत लिहिलेलं की पहाडी बचाव समिती आपलं हार्दिक स्वागत करते. चेहरे असे, जणू पहाडी यांनीच घडवली आणि उन्हात वाळवून तिथं ठेवली. बैहरच्या बसमध्ये बसले की मी आता दुसऱ्या बाजूची सीट धरते.

मी राहते भरवेलीला, मँगनीजच्या खाणीच्या वस्तीत. नवरा खाणीत होता. आता घरी असतो आणि माझ्या चहाला नावं ठेवतो. मी स्वतः नर्स होते, गावोगाव सुया टोचत हिंडले, त्यामुळे माणूस खोटं हसतो तेव्हा त्याचे डोळे काय करतात ते मला बऱ्यापैकी कळतं. बाबा मात्र गावातच राहिले. आई गेल्यावर मी त्यांना कितीदा म्हटलं, चला माझ्याकडे. ते म्हणायचे, "तिले सोडून कसा येऊ माय?" आई पहाडीवर होती.

हे नीट सांगायला हवं. आमच्या वॉर्डातल्या लोकांनी आजोबांच्या काळात देव सोडले, धम्म घेतला, घरात बुद्धाचा फोटो आला. पण मेलेल्या माणसाला पुरायला न्यायची जागा तीच राहिली, पहाडीचा पूर्वेकडचा उतार. गावाने ती जागा आमच्या लोकांना कधीतरी दिली होती ती मोठ्या मनाने नव्हे. तिथं धान होत नाही आणि गुरं घसरतात, म्हणून दिली. मोहाची झाडं, त्याखाली मऊ माती, आणि उशाला एकेक चपटा दगड. आईच्या उशाला बाबांनी दगड लावला तेव्हा शेजारी आणखी एक लावून ठेवला. त्याच्याखाली कोणी नव्हतं. ती बाबांची जागा. मोहफुलं वेचायच्या दिवसांत ते पहाटे टोपली घेऊन जायचे, फुलं वेचून झाली की आईच्या अंगावरचा पाचोळा झाडायचे आणि आपल्या दगडावर बसून बिडी ओढायचे. आपल्याच उशावर बसून बिडी ओढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्याचं हसू यायचं आणि रागही यायचा. पण म्हाताऱ्याला आयुष्यात एवढीच एक गोष्ट हवी होती, तिच्या बाजूला झोपायचं, आणि त्यासाठी त्याने कोणाकडे काही मागितलं नव्हतं.

मग गिट्टीवाला आला. शहरातला खडीचा ठेकेदार, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात दोन फोन. त्याच्या माणसांनी पहाडीवरच्या दगडांवर चुन्याच्या फुल्या मारल्या आणि सांगितलं की इथं दगड फोडायचा क्रशर बसणार, गावाला रोजगार मिळणार. गिट्टीवाल्याबद्दल मला फार बोलायचं नाही. तो पहाडी खायला आला होता आणि तसं तोंडावर सांगत होता. त्याच्याबद्दल वाटायचा तो तिरस्कार सरळ होता, पोटात ठेवायला त्रास झाला नाही.

गाव एकदम एक झालं. शेतकऱ्यांचा मोठा वॉर्ड, आमचा वॉर्ड, वरच्या टोल्यातले गोंड लोक, सगळे खोदायच्या मशीनीच्या वाटेवर चटया टाकून बसले. गावाबाहेरचाही एक माणूस येऊन बसला. लालबर्रा इथं त्याची राइस मिल, आणि आमच्या पहाडीच्या पायथ्याशी विकत घेतलेलं चांगलं सपाट शेत. त्याला पहाडीचं प्रेम एकाएकी फुटलं, कारण क्रशरची धूळ सगळ्यांत आधी त्याच्या धानावर बसणार होती. बोलायला चांगला. माइक धरला की पहाडीला तो "हमारी माँ" म्हणायचा आणि बायका डोळे पुसायच्या. समितीचा अध्यक्ष तोच झाला. दुसऱ्या कोणाला माइक धरता येत नव्हता असं नाही, पण माइक त्याचा होता.

बालाघाटहून निसर्गप्रेमीही आले. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, गळ्यात कॅमेरे. झाडांनी भरलेल्या पहाडीवर त्यांनी वृक्षारोपण केलं. रोपं लावायला मोकळी जागा सापडेना, तेव्हा चारोळीची दोन-चार पोरकी रोपटी उपटून जागा केली, फोटो काढले, आणि ऊन चढायच्या आत परत गेले. त्यांनी लावलेली झाडं शोभेची होती. बकऱ्यांनीसुद्धा त्यांना तोंड लावलं नाही.

त्या दिवसांत मी सुटी काढून गावात होते. भाताचं मोठं गंज चुलीवर चढायचं, आमच्या बाया तांदूळ धुवायच्या, मोठ्या वॉर्डातल्या बाया वरणाला फोडणी द्यायच्या, आणि कोणाचा हात कशाला लागला हे कोणी विचारत नव्हतं. ज्या म्हाताऱ्या आमच्या दारात पाणी घेत नसत त्या आमच्या हातचा भात मागून खायच्या. मला वाटलं, गिट्टीवाल्याने चुकून का होईना एक पुण्याचं काम केलं. इतकं भाबडं काही मनात आलं याची मला अजून चीड येते.

पोलीस यायचं ठरलं तेव्हा मात्र लोक घाबरले. तेव्हा अध्यक्षाला ती युक्ती सुचली. चुन्याची फुली असलेला एक उभा दगड वाटेच्या अगदी मधे होता, मशीन तिथूनच वर चढणार होती. तो म्हणाला, "इसको देवता बना दो. फिर कौन हाथ लगाता है देखते हैं." शेंदूर त्याच्याच गाडीत होता. कालवायला तेल नव्हतं. बसलेल्यांत घर सगळ्यांत जवळ बाबांचं, ते उठले आणि वाटीभर जवसाचं तेल घेऊन आले. ठेकेदाराची पांढरी फुली शेंदराखाली गेली आणि दगडाला दोन चांदीचे डोळे बसले.

मी बाबांना बाजूला घेतलं. "तुम्ही विहारात बसून पंचशील म्हणता, अन् इथं दगडाले तेल काहून दिलं?"

ते म्हणाले, "मी देवाले नाही दिलं माय. मशीन थांबली पाहिजे ना."

मशीन थांबली. ड्रायव्हर चढ चढून आला, दगड पाहिला, खाली उतरला, चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाला की मी बालबच्चेवाला माणूस आहे, माझ्याच्याने होणार नाही. ठेकेदाराने शिव्या दिल्या, दुसरा ड्रायव्हर आणला, त्यानेही तेच केलं. मग ठेकेदार गेला. त्याला लांब दुसरी पहाडी मिळाली म्हणतात. तिथल्या लोकांकडे शेंदूर नसावा.

गुलाल उडाला, बँड वाजला, अध्यक्षाला खांद्यावर घेतलं. ते सगळे तिथंच थांबले असते तर मी आज त्यांच्या फोटोकडे पाहून निदान मान हलवली असती. पण ज्यांना काही न करता बसवत नाही अशांच्या हातात जिंकलेली वस्तू पडली की ती वाचत नाही. देव उन्हात उभा आहे म्हणून पत्रे आले. पत्रे तापतात म्हणून स्लॅब आला. तो कोणता देव हे ठरायला बराच वेळ गेला, दोन नावांवरून समितीत भांडण झालं, शेवटी सगळ्यांनी पहाडीबाबा म्हणायचं ठरलं. मग पुजारी आला, त्याला खोली लागली, खोलीला नळ लागला. न्हाणीघराला लावतात तसल्या निळसर टाइल देवाच्या मागे बसल्या. भोंगे चार दिशांना तोंड करून बांधले, म्हणजे जंगलात ज्या कोणाला झोप येत असेल त्याची सोय.

मग रस्ता. म्हाताऱ्या माणसांना चढवत नाही, म्हणून रस्ता. आणि रस्ता कापायला तीच मशीन आली, तोच ड्रायव्हर. या खेपेला मशीनीच्या दातांना हळदीकुंकू लावलं होतं आणि ड्रायव्हरच्या गळ्यात माळ होती. त्याने चपला काढल्या नाहीत. रस्त्याला लागणारी गिट्टी तिथलीच, पहाडीची. एवढ्या जवळची गिट्टी असताना बाहेरून कशाला आणायची, असं समितीतला एकजण मला समजावून सांगत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याला खरंच काही कळत नव्हतं. ठेकेदार निदान लाजेकाजेने एखादं झाड ठेवून गेला असता.

भंडारे सुरू झाले. पहिल्याच भंडाऱ्याला आमच्या बाया नेहमीसारख्या परातींपाशी गेल्या तर त्यांना गोड बोलून सांगितलं, "तुम्ही बसा न ताई, आज आम्ही वाढतो." पुढच्या वेळेला बसायची जागाही जरा खाली, झाडाकडे दाखवली. कोणी वाईट बोललं नाही. आमच्या बायांनीही भांडण केलं नाही, त्या घरी येऊन स्वयंपाकाला लागल्या. बाबा सगळं पाहत होते आणि पूर्वेच्या उतारावर जाऊन बिडी ओढत होते. तिकडे अजून कोणी फिरकलं नव्हतं.

एका दुपारी मी माहेरी असताना अध्यक्ष दोन जणांना घेऊन अंगणात आला. बाबांच्या पायाला हात लावला. तेव्हाच मी समजले की काहीतरी न्यायला आलाय.

"काकाजी, पहाडीबाबाच्या दर्शनाले लय लोक येऊन राह्यले. गाड्या लावाले जागाच नाही. रोडवर लावल्या तं एक्सिडेंट होईल."

"मंग?" बाबांनी विचारलं.

"ते पूरबवाली ढलान आहे ना, तिच्यावर मशीन एकदा फिरवली का मैदान होते. समितीनं पास केलं."

"तिथं आमचे लोक आहेत."

"हौ ना, म्हणून तं तुमच्याकडे आलो. पूरे सम्मान के साथ करेंगे. मिट्टी उठाकर नाले के किनारे रखेंगे, एक चबुतरा बनवू, तुमच्या लोकांचे नावं लिहू."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुमचं शेत आहे ना पायथ्याले, सपाट. तिथं लावा गाड्या."

तो हसला. "ताई, ते उपजाऊ जमीन आहे." मग त्याला वाटलं असावं की बाईमाणसाचं तोंड बंद करायला हवं. "अन् तुमचं घर तं खाणीवरच चाललं ना? पहाड खोदूनच?"

"हौ," मी म्हटलं, "म्हणूनच मले खोदकाम लवकर ओळखू येते. आमची खाण निदान असं नाही म्हणत का मी पहाड वाचवून राह्यली."

सोबतचे दोघं जमिनीकडे पाहायला लागले. हे दोघं चटईवर बाबांच्या मांडीला मांडी लावून बसलेले, एकाला तर ताप आला तेव्हा मीच गोळ्या दिल्या होत्या. आता त्यांना आमच्या अंगणातल्या कोंबड्या फार बघण्यासारख्या वाटत होत्या.

बाबांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "माही जागा कुठी जाईल?"

"कोणती जागा, काकाजी?"

"तिच्या बाजूची."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाला, "तुम्ही तं शंभर वर्षं जगता काकाजी, आतापासून काय ते." आणि पुन्हा पाया पडून, तुमच्या मर्जीशिवाय एक फावडं पडणार नाही असं सांगून गेला. चहा त्याने घेतला नाही. उपास आहे म्हणाला.

मी तहसीलच्या गावी एका कचेरीत गेले. तिथल्या साहेबाने खुर्ची दिली, ऐकून घेतलं, संगणकात पाहिलं. रेकॉर्डमध्ये ती जागा दफनभूमी म्हणून नव्हती, पहाड-चट्टान म्हणून होती. मी म्हटलं, मग पहाड-चट्टानीवर रस्ता आणि स्लॅब कसा चालतो? तो म्हणाला, "मॅडम, वो तो आस्था का विषय है." मग म्हणाला, "और पहाड़ तो बच ही गया ना. आप लोगों ने ही तो बचाया." त्याचा आवाज चांगला होता, चिडवत नव्हता. गिट्टीवाल्याला अडवायला त्याच्याकडे कायदा होता. पहाडी वाचवणाऱ्यांपासून पहाडी वाचवायचा कायदा त्याच्याकडे नव्हता. आमच्या वॉर्डात मी चार माणसं गोळा करायला पाहिलं तर तरुण पोरं म्हणाली, आंटी, अब कौन झगड़ा करे, पार्किंग में दुकान मिल रही है. त्यांच्याही आज्या तिथंच होत्या.

पाऊस संपल्यावर बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मी त्यांना भरवेलीला आणलं, ऑपरेशन झालं, काही आठवडे ठेवून घेतलं. ते रोज विचारायचे, गावाकडचं काही कळलं का. मी सांगायचे, काही नाही. मला खरंच काही कळलं नव्हतं. कळवणारे सगळे कामात होते.

मग समितीची जीप दारात आली. पहाडीवर मोठा कार्यक्रम होता, आंदोलनात सगळ्यांत आधी बसलेल्या ज्येष्ठांचा सत्कार. मी म्हटलं, नाही जायचं. बाबा म्हणाले, जाऊ. नवे डोळे आलेत, तिले पाहून येतो. त्यांनी पांढरा सदरा घातला आणि जीपमध्ये पुढे बसले. मी मागे.

जीप थेट वर गेली. मंडपात त्यांना शाल दिली, नारळ दिला, अध्यक्षाने माइकवर सांगितलं की अशा बुजुर्गांमुळेच आज ही पहाडी सलामत आहे. टाळ्या झाल्या. बाबांनी हात जोडले. फोटोवाल्याने त्यांना दोनदा हसायला सांगितलं आणि ते दोनदा हसले. मग ते खाली उतरले, शाल खांद्यावर तशीच, नारळ हातात, आणि पूर्वेकडे चालू लागले. मी मागून गेले.

उतार नव्हता. सपाट मुरूम, त्यावर चुन्याने आखलेल्या रेघा, रेघांत मोटरसायकली आणि जीपा. कडेला पाणीपुरी, नारळ, प्लॅस्टिकची खेळणी. मोहाचं एक झाड ठेवलं होतं, त्याच्या बुंध्याभोवती सिमेंटचा ओटा घालून वर लिहिलं होतं, पेड़ लगाओ, पहाड़ बचाओ. नाल्याच्या काठी मी नजर टाकली. चबुतरा नव्हता, मातीचा एक ढीग होता आणि त्यात दगड होते, चपटे, पुष्कळ, एकमेकांवर कसेही पडलेले.

बाबा त्या झाडापाशी गेले, त्याला पाठ लावून उभे राहिले, आणि तिथून अंदाज घेत हळूहळू चालत दोन गाड्यांच्या मधे जाऊन थांबले. डॉक्टरने वाकू नका म्हणून सांगितलं होतं, तरी वाकले, हाताने मुरूम जरासा बाजूला केला. खाली आणखी मुरूम होता. शिट्टी वाजली. पार्किंगवाला पोऱ्या आमच्याच वॉर्डातला, त्याने बाबांना ओळखलं, म्हणून आवाज मऊ केला. "आजोबा, साइडले व्हा जरा. बस मागे येऊन राह्यली."

ते बाजूला झाले. बस मागे येत येत तिथंच थांबली, आणि तिच्यातून नवे कपडे घातलेली माणसं उतरायला लागली, चपला सावरत, हसत, कोणीतरी कोणाला विचारत होतं की प्रसाद कुठे मिळतो. मला त्या सगळ्यांचा इतका तिटकारा आला की मी तोंड फिरवलं. त्यांनी काहीच केलं नव्हतं, ते नुसते बसमधून उतरत होते. तरी आला.

परत जाताना आम्ही जीप घेतली नाही, पायी उतरलो. समितीच्या नव्या रस्त्याने. अर्ध्यात बाबा थांबले. मला वाटलं दम लागला. त्यांनी नारळ माझ्या हातात दिला, शाल काढून घडी केली, तीही दिली.

"माय, मी मेलो का मले इथं नको आणजो," ते म्हणाले. "मले जाळजो."

आमच्या घरात आजवर कोणाला जाळलं नव्हतं. मी हौ म्हटलं.